गोव्यात जुन्या बुलेटला विंटेज लुक कसा द्यायचा

जुनी कास्ट आयर्न (ओतीव लोखंडी सिलिंडरच्या इंजिनची) बुलेट ३५० हातात आली असेल, म्हणजे ती उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेकवाली, तर सगळ्यात आधी एक ठरवून टाका, चेसिसला कटर लावायचा नाही. या गाडीचा विंटेज लुक कंपनीतून निघाली तेव्हाच तिच्यात होता, नंतर कोणी रुंद सीट टाकली, कोणी क्रोमचे गार्ड, कोणी चार हॉर्न. आपलं काम जास्तीचं काढायचं आणि मूळचं नीट करायचं, आणि जो काही बदल कराल तो नट-बोल्ट उघडून परत मागे घेता आला पाहिजे.

कामाची वेळ महत्त्वाची. पावसात गाडी रंगवू नका, हवेत दमटपणा असला की पेंटवर पांढरट झाक येते आणि प्रायमरखाली गंज बसतो. चवथ झाली, पाऊस ओसरला की गाडी खोला आणि शिगम्यापर्यंत रस्त्यावर आणायचं ठेवा, मधे पार्टची वाट बघण्यात आठवडे जातात.

खोलायच्या आधी इंजिन चालू करून ऐका, कारण इंजिनात काम असेल तर पैसे आधी तिकडे जातील. ७० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव), शिवाय जड फ्लायव्हील, म्हणून ती कमी आरपीएमला इतकी छान ठोके देत चालते, आणि तो ठोका खणखणीत नसेल तर वरून कितीही सजवा, उपयोग नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, इंजिन थंड असताना बघायचे, पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) बोटांनी सहज फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. पॉइंटचा, म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या संपर्काचा, गॅप ०.३५ ते ०.४० मिमी.

मग खोलायला घ्या. प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढा, बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत घालून वर नाव लिहा. या गाड्यांत इंची आणि मिमी आटे मिसळलेले असतात, बोल्ट हाताने फिरत नसेल तर पान्याने जबरदस्ती करू नका, तो बहुतेक दुसऱ्या जागेचा असतो.

चेसिस सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग केलेलं आपल्याकडे सगळ्यात टिकतं, पिळर्ण, थिवी, कुंडई, वेर्णा या इंडस्ट्रियल इस्टेटीत चौकशी करा. पण देण्याआधी चेसिस नंबरवर टेप लावायला स्वतः उभे राहा, तो नंबर ब्लास्टिंगमध्ये पुसट झाला किंवा कोटिंगखाली बुजला तर पासिंगला मोठी अडचण होते. आणि कोटिंग झाल्यावर जिथे अर्थची वायर बसते तिथला रंग खरवडून काढा, नाहीतर करंट परत जायला वाटच राहत नाही आणि मेकॅनिक दिवसभर वायरिंगमध्ये फॉल्ट शोधत बसतो.

टाकी आतून साफ करायची ती रंगवायच्या आधी, नंतर नाही, कारण ॲसिडचा एक ओघळ खाली आला की नवा रंग गेला. आत जुने नट टाकून खळखळवा, फॉस्फोरिक ॲसिडवालं गंज काढायचं लिक्विड घाला, मग सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडी करा. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे पावसात अर्धी टाकी ठेवून गाडी उभी करू नका, आणि जुना पेट्रोल पाईप आणि रबरी सील इथेनॉलला चालणारे घालून बदला.

रंगाच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे, काळा किंवा गडद मरून, टाकीला दोन्ही बाजूंनी गुडघ्याचे रबर पॅड आणि सोनेरी रेघ, ती रेघ स्टिकरची नको. चेन्नईच्या कारखान्यात या रेघा ब्रशने हाताने ओढायचे, आपल्याकडेही बोर्ड रंगवणारे जुने पेंटर आहेत, त्यांच्यापैकी कोणाचा हात स्थिर असेल त्याला विचारा. हाताच्या रेघेत जाडी थोडी कमीजास्त होते आणि नेमकी तीच सुंदर दिसते.

क्रोम कमी ठेवा. कळंगूट, मांद्रे, कोलवा अशा किनाऱ्याच्या पट्ट्यात राहत असाल तर खारी हवा स्वस्त क्रोमला एका पावसात फोडते, त्यापेक्षा हेडलाईटची रिंग आणि साइलेन्सर एवढंच चमकतं ठेवून बाकी काळं करा. स्पोक स्टेनलेसचे घ्या. ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये स्टेनलेसचे बोल्ट घालताना आट्यांना कॉपर ग्रीस लावाच, मिठामुळे ते आत असे धरतात की पुढच्या वेळी केसिंगच फुटतं.

सीट स्प्रिंगवाली सिंगल घ्या, पण लेदर नको, जुलैत बुरशी धरते, चांगलं रेक्झिन लावा. मडगार्ड कापायचा मोह टाळा, पावसात लाल चिखल थेट पाठीवर येतो आणि मूळ लांब मडगार्डाशिवाय ही गाडी तिच्यासारखी दिसतही नाही.

ॲमीटर (बॅटरीचा करंट दाखवणारा काटा) काढून त्या जागी दुसरं काही बसवू नका, किक मारताना तोच उपयोगी पडतो. चावी चालू करून किक हळू दाबा, काटा मधोमध आला की डिकम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा) दाबून किक किंचित पुढे न्या, लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग पूर्ण ताकदीने एकच किक.

ब्रेकवर पैसे वाचवू नका, पुढे ट्विन लीडिंग शूवाला (दोन्ही ब्रेक-शू सारख्याच जोराने धरणारा) ७ इंची ड्रम बसवता आला तर उत्तम, फक्त आधी आरटीओत विचारा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये तेच परत सांगितलं. रंग बदलणार असाल तर रंगवण्याआधी अर्ज करा, आरसीवर नवा रंग चढवून घ्या. साइलेन्सर आतून पोकळ करू नका, रात्री गावातून जाताना लोकांना त्रास होतो आणि चलनही येतं.

गाडी जोडून झाली की पहिले काही दिवस बिचोली ते साखळी एवढ्याच फेऱ्या मारा, मग इंजिन थंड झाल्यावर हेडचे नट, स्पोक आणि चेन परत तपासा, आणि समुद्राकडून फिरून आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून ठेवा.