शाळेच्या अंकातली बातमी छापण्याआधी कशी तपासायची

विद्यार्थ्यांच्या बातम्यांमध्ये चुका बहुतेक किरकोळ दिसतात: आडनावातली वेलांटी, इयत्ता, एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी. पण ज्याचं नाव चुकलं, तो माणूस पुढच्या वेळी बोलायला राजी होत नाही. म्हणून पानं लावण्याआधी तपासणीला किमान एक तास राखून ठेवा. घाई झाली की पहिली कात्री याच तासाला लागते.

मसुदा ओळींमध्ये जागा सोडून कागदावर छापून घ्या. प्रत्येक नाव, हुद्दा, तारीख, आकडा आणि अवतरणातलं वाक्य अधोरेखित करा. समासात त्याचा आधार लिहा: ‘वही, पान १२’, ‘रेकॉर्डिंग, ४:३५’. जिथे समास कोरा राहील, तिथे फोन करून पुन्हा विचारायचं, नाहीतर ते काढायचं. हे काम बातमी लिहिणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने करावं. आपलंच लिखाण वाचताना डोळे लिहिलेलं नाही, मनातलं वाचतात.

समास भरायचा तर तयारी मुलाखतीतच हवी. रेकॉर्डिंगची परवानगी आधी मागा, दहा सेकंद बोलून आवाज ऐकून बघा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. मध्येच कॉल आला की रेकॉर्डिंग थांबू शकतं. महत्त्वाचं वाक्य आलं की वहीत त्याची वेळ टिपा. नाव समोरच्यालाच वहीत लिहायला सांगा.

आकड्यांमध्ये सर्वांत जास्त गफलत टक्क्यांची. उपस्थिती ४० टक्क्यांवरून ५० वर गेली, तर वाढ २५ टक्के झाली, १० नव्हे, कारण १० हा ४० चा पाव भाग आहे. वाचकासाठी ‘४० वरून ५० टक्क्यांवर’ असंच लिहिलेलं बरं. आणि मोजलेली मुलं वीसच असतील, तर टक्के न लिहिता ‘वीसपैकी आठ’ लिहा.

दुसऱ्याकडून आलेला फोटो आधी कुठे वापरला गेला आहे का, हे गुगल लेन्स आणि टिनआय या फोटोवरून शोध घेणाऱ्या दोन्ही साधनांवर शोधा. टिनआयवर निकाल सर्वांत जुन्यापासून लावता येतात, पण ती तारीख फोटो वेबवर त्यांना सापडल्याची असते, काढल्याची नाही. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती गळते. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. व्हिडिओ असेल तर इनव्हिड-वीव्हेरिफाय हे ब्राउझरला जोडायचं मोफत एक्स्टेन्शन त्यातल्या फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, वेगळ्या काढून देतं, मग त्या फोटोसारख्याच शोधता येतात.

ज्या वेबपानावर बातमी उभी आहे, ते वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर ‘सेव्ह पेज नाऊ’ वापरून जतन करा. लॉगिनमागचं पान तिथे साठत नाही. त्याचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा.

शिक्षकांनी मसुद्यावर स्वतः वाक्यं लिहून देऊ नयेत. ‘हे कुणी सांगितलं?’, ‘दुसऱ्या बाजूला विचारलं का?’ एवढं समासात लिहून परत द्यावं. मात्र आजार, छळ किंवा शिक्षा यांच्या बातमीत मुलाचं नाव जाणार असेल, तर तो निर्णय वार्ताहरावर सोडू नका. अशा मुलाला नाव वगळूनही वर्ग, गल्ली, खेळ अशा तपशिलांवरून ओळखता येतं, तेव्हा तेही तपासा.

छापल्यावर चूक निघाली, तर पुढच्याच अंकात काय चुकलं आणि बरोबर काय, हे दोन ओळींत सांगा.