हॅम क्लबच्या बैठकीला पहिल्यांदा जाताना

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा माझी आत्या दापोलीजवळच्या गावात होती आणि मी रत्नागिरीत. वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले. ती सुखरूप आहे एवढं कळायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांमुळे मी हॅम रेडिओकडे, म्हणजे परवाना काढून हौसेने चालवायच्या रेडिओ संपर्काकडे वळले. तुमचं कारण वेगळं असेल, पण व्हिडिओ बघत बसण्याआधी क्लबच्या एका बैठकीला जाऊन या.

बैठकीला बसायला परवाना लागत नाही. परवान्याशिवाय करायचं नाही ते एकच, बोलण्याचं बटण दाबायचं नाही. ऐकायला मात्र भरपूर मिळतं. पहिल्या दिवशी क्यूआरएम, क्यूटीएच, एसडब्ल्यूआर असे शब्द कानावरून जातील. मी ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतले आणि चहाच्या वेळी शेजारच्या काकांना विचारले. एकही जण कंटाळला नाही. क्यूटीएच म्हणजे तुमचं ठिकाण, क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या स्टेशनांचा अडथळा, एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेना सेटशी किती जुळली आहे त्याचं माप. चार बैठकांत हे अंगवळणी पडतं.

जाताना घरची एखादी अडचण बरोबर न्या, शक्य असेल तर वस्तूच न्या. माझ्या अँटेनाचा आवाज एका पावसाळ्यात पार बसला होता. मी केबलचं टोकच कापून नेलं. काकांनी सुरीने वरचं आवरण सोललं, तर आतली तांब्याची जाळी वीतभर काळी पडलेली. कनेक्टरमधून पाणी शिरलं होतं आणि खाऱ्या हवेने उरलेलं काम केलं होतं. जोडावर रबरी टेप ताणून गुंडाळायची आणि केबल घरात शिरण्याआधी खाली एक झोळ सोडायचा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं.

पाहुण्यांची भाषणं चुकवू नका, विषय आपला वाटला नाही तरी. मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले एक रेडिओ ऑफिसर आमच्याकडे आले होते. मोर्सवर, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीवर बोलणार म्हटल्यावर मी जवळजवळ गेलेच नव्हते, कारण रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या, म्हणजे सुरुवातीच्या परवान्याच्या परीक्षेला मोर्स नसतं. त्यांनी सुरुवात केली ती जहाजाच्या रेडिओरूममधल्या घड्याळापासून. त्याच्या तबकडीवर १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटांच्या जागा लाल रंगवलेल्या असत. त्या तीन-तीन मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर सगळी जहाजं गप्प. एखाद्या बुडत्या जहाजाचा क्षीण सिग्नल गर्दीत हरवू नये, म्हणून सगळ्यांनी फक्त ऐकायचं. १ फेब्रुवारी १९९९ पासून नवी उपग्रह आणि डिजिटल व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि ती घड्याळं इतिहासजमा झाली. सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता. वर्गातला पंखा तेवढा ऐकू येत होता.

आमच्या नेटवर, म्हणजे ठरलेल्या वेळी रेडिओवर जमणाऱ्या गटात, एकाचं बोलणं संपलं की दुसऱ्याने क्षणभर थांबायचं, असा दंडक आहे. मला ती नुसती शिस्त वाटायची. त्या दिवशी कळलं, ती फट अडचणीत सापडलेल्यासाठी ठेवलेली असते.

भाषण संपलं की लगेच उठू नका. त्याच दिवशी कॉलेजातल्या एका मुलीने विचारलं, रत्नागिरीहून दोन मीटर बँडवर (साधारण दोन मीटर लांबीच्या लहरींवर) सह्याद्रीपलीकडचं कोल्हापूर लागत नाही, मग उन्हाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी किनाऱ्यावरची लांबची स्टेशनं कशी ऐकू येतात? समुद्रावरच्या थंड दमट हवेवर कोरडी गरम हवा पसरली की रेडिओलहरी मध्ये नळीत सापडल्यासारख्या दूरवर जातात. उत्तर अर्धा तास चाललं, फळ्यावर आकृत्या काढून. डोंगर ओलांडायचा तर ४० मीटर बँडवर या आणि डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली सरळ तारेची अँटेना, फार उंच बांधू नका, हेही त्यातच निघालं. लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परतून डोंगरापलीकडे उतरते.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की देता येते, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम यायला हवेत. रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची तुमची ओळख, व्हीयू३ ने सुरू होतो. नियम पाठ करताना अडलात तर बैठकीत विचारा, बहुतेकांनी ते रोज वापरलेले असतात.

आत्याचा नातू आता चौदा वर्षांचा आहे आणि परीक्षेचा अभ्यास करतोय. गेल्या महिन्याच्या बैठकीला मी त्याला घेऊन गेले. ७.१ मेगाहर्ट्झच्या डायपोलला १४३ भागिले ७.१, म्हणजे साधारण २० मीटर तार लागते, हे त्याने फळ्यावर करून दाखवलं. आत्याच्या परसातल्या दोन माडांमधलं अंतर त्याने घरी गेल्यावर मोजलं. २३ मीटर भरलं. पाऊस उघडला की तार चढवू.