दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याने लूप्स आणि हेडलाइट कसे निवडावेत

बीडीएसच्या दुसऱ्या वर्षी फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या कृत्रिम डोक्यावर, कॅव्हिटी कोरताना, किंवा तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा रुग्णाच्या तोंडात एअरोटर (दात कोरण्याचे वेगवान यंत्र) धरताना, विद्यार्थी नकळत पुढे वाकतो, कारण जे नीट दिसत नाही त्याच्या जवळ जाण्याची डोळ्यांची ओढ स्वाभाविक असते. लूप्स, म्हणजे चष्म्यावर बसवलेली विशालक भिंगे, घेण्याचा विचार बहुधा अधिक मोठे दिसावे या इच्छेतून सुरू होतो आणि विक्रेत्याला पहिला प्रश्नही ‘किती एक्स’, म्हणजे किती पट, असाच विचारला जातो. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आपण कसे बसतो, बसल्यावर डोळ्यापासून दातापर्यंत किती अंतर राहते आणि मान किती झुकते, या तीन गोष्टी आधी ठरल्या पाहिजेत, कारण लूप्स त्या अंतरासाठी आणि मानेच्या त्या स्थितीसाठी बनवले जातात.

आधी शरीराचे माप

डोळ्यापासून दातापर्यंतच्या या अंतराला वर्किंग डिस्टन्स म्हणतात. बहुतेक दंतवैद्यांच्या बाबतीत ते ३५ ते ५० सेंटिमीटरच्या दरम्यान असते. परंतु पाच फूट उंचीच्या विद्यार्थिनीला आणि सहा फूट उंचीच्या विद्यार्थ्याला एकच अंतर सोयीचे पडणार नाही, शिवाय धडाची व हातांची लांबी आणि बसण्याची सवय यांमुळेही ते बदलते. ते मोजण्यासाठी कॉलेजात ज्या स्टुलावर रोज बसायचे त्याच स्टुलावर बसावे. पाय पूर्ण टेकलेले, पाठ सरळ, खांदे सैल, कोपरे अंगालगत आणि फँटम हेडचे तोंड साधारण कोपरांच्या उंचीला, अशी बैठक जमली की हातात मिरर आणि एक्सप्लोरर (दात चाचपण्याचे टोकदार उपकरण) धरून खालच्या दाढेवर काम चालू असल्याप्रमाणे स्थिर व्हावे आणि मित्राला शिंप्याच्या टेपने डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून त्या दाढेपर्यंतचे अंतर मोजायला सांगावे. नंतर वरच्या दाढेसाठी, मिररमध्ये पाहत, हेच पुन्हा करावे. एका मापावर विसंबू नये. प्रॅक्टिकलच्या आरंभी घेतलेले माप आणि थकल्यानंतर घेतलेले माप यांत फरक पडतो, आणि आपण हळूहळू किती वाकत गेलो हे त्या फरकावरून कळते. याच वेळी बाजूने एक छायाचित्रही काढून घ्यावे. त्यात डोके सरळ स्थितीपासून २० ते २५ अंशांपेक्षा अधिक पुढे झुकलेले दिसत असेल, तर खरेदी पुढे ढकलून आधी बैठक आणि खुर्चीची उंची सुधारावी.

याचे कारण व्यवहाराचे आहे. टीटीएल, म्हणजे थ्रू द लेन्स प्रकारच्या लूप्समध्ये दोन्ही नळ्या चष्म्याच्या काचेतच कायमच्या बसवलेल्या असतात. त्यांच्यातील अंतर तुमच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतराप्रमाणे आणि त्यांचा खालच्या दिशेचा कल, ज्याला डिक्लिनेशन अँगल म्हणतात, माप घेताना तुम्ही जसे बसला असाल त्याप्रमाणे ठरतो. विक्रेता घाईत माप घेत असेल आणि त्या क्षणी तुम्ही वाकून बसला असाल, तर ते वाकणे लूप्समध्ये कायमचे उतरते. त्यानंतर सरळ बसले की चित्र धूसर होते आणि स्पष्ट दिसण्यासाठी पुन्हा वाकावे लागते, म्हणजे मान वाचवण्यासाठी घेतलेले साधनच मान वाकवायला लावते. म्हणून स्वतः मोजलेला आकडा वहीत लिहून न्यावा आणि विक्रेत्याचे माप त्याच्याशी जुळत नसेल तर दोन्ही मापे पुन्हा घ्यायला लावण्यात संकोच करू नये.

प्रकारांची निवड

टीटीएलला पर्याय आहे फ्लिप-अपचा. यात नळ्या चष्म्यापुढे बिजागरीवर असतात, नको तेव्हा वर उचलता येतात, आणि त्यांचा कल व त्यांच्यातील अंतर स्वतःला बदलता येते. त्या डोळ्यांपासून थोड्या दूर असल्याने दिसणारे क्षेत्र काहीसे आकसते, वजन पुढच्या बाजूला येऊन नाकावर भार पडतो आणि स्क्रू सैल झाले की जुळवणी सतत बिघडते. तरीही ज्याच्या चष्म्याचा नंबर अजून वाढतो आहे त्याच्यासाठी फ्लिप-अप हा शहाणपणाचा पर्याय आहे, कारण काच जवळच्या चष्मावाल्याकडून बदलून घेता येते. टीटीएलमध्ये नंबर बदलला की लूप्स सहसा उत्पादकाकडे परत पाठवावे लागतात आणि तितके दिवस त्यांच्याशिवाय काम करावे लागते. नंबर स्थिर असेल आणि बैठक पक्की झाली असेल तर मात्र टीटीएल हलके, रुंद क्षेत्राचे आणि दीर्घकाळ सुखाचे ठरतात. सिनिअरने वापरलेले टीटीएल स्वस्तात मिळत असले तरी घेऊ नयेत. दोघांच्या बाहुल्यांतील अंतरात काही मिलिमीटरचा फरक असला तरी दोन प्रतिमा दिसतात किंवा दृश्याच्या कडेला काळी चंद्रकोर येते, आणि डोळे ते सावरण्याच्या प्रयत्नात थकतात. जुने फ्लिप-अप चांगल्या स्थितीत असतील तर घ्यायला हरकत नाही.

आतील रचनेनुसार आणखी दोन प्रकार पडतात. गॅलिलियन लूप्समध्ये पुढे बहिर्वक्र आणि डोळ्याकडे अंतर्वक्र भिंग असते, त्यामुळे नळी आखूड आणि हलकी राहते. विशालन मात्र साधारण २ ते ३.५ पटींपर्यंतच चांगल्या दर्जाचे मिळते. केप्लेरियन किंवा प्रिझमॅटिक लूप्समध्ये उलटी प्रतिमा सुलटी करण्यासाठी प्रिझम बसवलेले असतात. त्यांत ३.५ ते ६ पटींपर्यंत विशालन आणि कडेपर्यंत स्वच्छ चित्र मिळते, पण वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. अलीकडे प्रिझमने दृष्टिरेषाच खाली वळवणारे एर्गो लूप्स आले आहेत, ज्यांत डोके जवळजवळ सरळ ठेवून काम करता येते. मानेचे दुखणे आधीच सुरू झालेल्या व्यक्तीने ते जरूर पाहावेत. हात जिथे आहेत तिथे न पाहता समोर पाहून काम करण्याची सवय व्हायला मात्र वेळ लागतो, आणि अजून साध्या नजरेनेही हात बसलेला नसलेल्या विद्यार्थ्याला पहिली जोडी म्हणून मी त्यांची शिफारस करणार नाही.

आता विशालनाच्या आकड्याकडे वळू. आकडा वाढला की एका वेळी दिसणारे क्षेत्र लहान होते, स्पष्टतेची खोली, म्हणजे डोके किंचित पुढेमागे झाले तरी चित्र स्पष्ट राहण्याची मुभा, कमी होते, आणि डोळ्यापर्यंत पोहोचणारा प्रकाशही घटतो. २.५ पटींच्या चांगल्या लूप्समधून जवळजवळ संपूर्ण तोंड दिसते. ४ पटींच्या पुढे थोडेच दात दृष्टीत राहतात आणि डोक्याची लहानशी हालचालही मोठी भासते. आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. हे विशालन त्याच अंतरावरून उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराच्या तुलनेत असते. त्यामुळे ५० सेंटिमीटरवरून २.५ पटींच्या लूप्समधून दिसणारा दात, ४० सेंटिमीटरवरून २ पटींच्या लूप्समधून दिसणाऱ्या दाताएवढाच दिसतो. उंच विद्यार्थ्याने म्हणून थोडे अधिक, म्हणजे ३ पटींच्या आसपासचे विशालन घेणे योग्य होते, तर बाकीच्यांना बीडीएसची वर्षे आणि इंटर्नशिप यांसाठी २.५ पटी पुरेसे आहेत. क्राउनची मार्जिन, स्केलिंग, कॅव्हिटीच्या भिंती, रूट कॅनालची ॲक्सेस कॅव्हिटी, हे सारे त्यात उत्तम दिसते. पुढे एंडोडॉन्टिक्समध्ये (रूट कॅनाल उपचारांच्या शाखेत) एमडीएस केले तर मायक्रोस्कोप हाताशी येतो, आणि त्या दिवसांची तयारी म्हणून आजच जड लूप्स घेण्याची गरज नाही.

हेडलाइट

लूप्स घेतल्यावर काही दिवसांतच खुर्चीचा दिवा अपुरा वाटू लागतो. तो दिवा वरून आणि बाजूने येतो, त्यामुळे हाताची, हँडपीसची आणि कधी स्वतःच्या डोक्याची सावली कॅव्हिटीत पडते. हेडलाइट दोन डोळ्यांच्या मध्ये, दृष्टिरेषेला जवळजवळ समांतर असल्याने पडणारी सावली वस्तूच्या मागे लपते. वरच्या दाढांवर काम करताना तर त्याचा उपयोग विशेष जाणवतो, कारण आपण मिररमध्ये जिथे पाहतो तिथेच झोतही मिररवरून परावर्तित होऊन पोहोचतो. हा लाभ मिळण्यासाठी दिवा शक्य तितका नळ्यांच्या मधोमध बसायला हवा. कपाळावर उंच बसवलेला दिवा खोल जागी पुन्हा सावली निर्माण करतो.

उजेडाच्या तीव्रतेचे आकडे पाहून भुलू नये. २०,००० किंवा ४०,००० लक्स असे लिहिलेले असते, पण ते किती अंतरावर मोजले हे ठाऊक नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही, कारण अंतर वाढले की झोत पसरतो आणि उजेड घटतो. ठिपका सर्वत्र सारखा उजळ आहे का, त्याच्या कडेला निळी-पिवळी झालर दिसते का आणि तो लूप्सच्या क्षेत्राएवढा आहे का, हे पांढऱ्या कागदावर झोत टाकून कामाच्या अंतरावर स्वतः तपासावे. रंगतापमान ५,००० ते ५,५०० केल्विनच्या आसपास आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक) ९० किंवा अधिक असेल तर हिरडीचा लाल आणि किडलेल्या डेंटिनचा तपकिरी रंग यांच्या छटा ओळखता येतात. फार निळसर दिवा अधिक तेजस्वी वाटतो, पण या छटा त्यात बुजतात. प्रत्यक्ष कामात दिवा मध्यम तीव्रतेवर ठेवावा आणि खुर्चीचा दिवाही चालू असू द्यावा, कारण प्रखर ठिपका आणि काळोखा परिसर यांच्यात सतत ये-जा करून डोळे शिणतात.

कंपोझिट, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणारे दाताच्या रंगाचे द्रव्य, भरणाऱ्याने नारिंगी किंवा पिवळ्या फिल्टरशिवाय हेडलाइट घेऊच नये. बहुतेक कंपोझिटमधील कॅम्फरक्विनोन हे द्रव्य ४७० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाने कार्यान्वित होते आणि पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश भरपूर असतो. आयएसओ ४०४९ या मानकात कंपोझिटची सभोवतालच्या उजेडातील चाचणी ८,००० लक्सला ६० सेकंद अशी घेतली जाते. हेडलाइट त्याच्या कितीतरी पुढे असतो, म्हणून फिल्टरविना कंपोझिटला आकार देत असतानाच ते घट्ट होऊ लागते आणि थरांमध्ये पोकळ्या राहतात. हा फिल्टर क्युरिंग लाइटपासून, म्हणजे कंपोझिट घट्ट करणाऱ्या निळ्या दिव्यापासून, डोळ्यांचे रक्षण करत नाही, कारण तो आपल्या दिव्यापुढे असतो, डोळ्यांपुढे नव्हे. क्युरिंग करताना नारिंगी ढाल वापरावी किंवा नजर वळवावी. लूप्समधून त्या निळ्या टोकाकडे पाहणे टाळावेच. शेड, म्हणजे दाताशी जुळणारी रंगछटा, निवडताना मात्र हेडलाइट बंद करून दिवसाच्या उजेडात, रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावण्यापूर्वी आणि दात कोरडा पडण्यापूर्वी निवड करावी.

तारेचा की बिनतारी, हा निर्णय वजन आणि दिनक्रम पाहून करावा. कमरेला बॅटरी असलेला दिवा डोक्यावर हलका राहतो आणि दिवसभर पुरतो, पण तार ॲप्रनमध्ये आणि खुर्चीत अडकते. बिनतारी दिव्याचे सारे वजन नाकावर येते, म्हणून बॅटरी सुटी निघते का आणि दुसरी सोबत मिळते का हे विचारावे. इंटर्नशिपमध्ये गावोगावच्या दंत शिबिरांना जाणाऱ्यांना हेडलाइटचे मोल लवकर कळते, कारण शाळेच्या वर्गात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या मुलाच्या तोंडात पाहायला दुसरा उजेड नसतो. तिथे उभे राहून तपासताना अंतर बदलते, म्हणून लूप्स काढूनही वापरता येणारा दिवा उपयोगी पडतो.

पाहणे, घेणे, सांभाळणे

मुंबईत भरणाऱ्या फॅमडेंट किंवा वर्ल्ड डेंटल शो यांसारख्या प्रदर्शनांत जर्मनीच्या झाइस, इटलीच्या युनिवेट अशा अनेक कंपन्यांचे लूप्स पाहता येतात. जाताना टायपोडाँट (सरावाचा कृत्रिम जबडा) किंवा स्वच्छ केलेला काढलेला दात आणि मिलिमीटरचा आलेख कागद जवळ ठेवावा. आलेख कागदाच्या रेषा कडेला वाकतात का, रंगीत किनार दिसते का, दोन वर्तुळे मिळून एकच वर्तुळ होते का, हे त्यावर लगेच कळते. किती मिलिमीटर एका वेळी दिसतात ते मोजून दोन जोड्यांची तुलना करता येते. पाच मिनिटांत उतरवू नये. निदान अर्धा तास घालून बसावे, मास्कसह, कारण नाकाच्या बसक्या पुलावर फ्रेम घसरते का आणि काचेवर वाफ धरते का हे तेव्हाच समजते. फ्रेमची काच उभी मोठी असेल तर नळ्या खाली बसवता येतात आणि कल अधिक मिळतो, म्हणून फॅशनच्या अरुंद फ्रेमपेक्षा मोठी फ्रेम बरी.

किमती काही हजारांपासून लाखाच्या वर जातात. बजेट मर्यादित असेल तर लूप्सच्या दर्जात काटकसर करू नये; साधा दिवा घेऊन पुढे बदलता येतो. तिसऱ्या वर्षी क्लिनिक सुरू होण्याच्या सुमारास खरेदी करणे मला योग्य वाटते, तोवर बैठक घडलेली असते. पैसे देण्यापूर्वी नेत्रतपासणी करून घ्यावी, तिरळेपणाची प्रवृत्ती असेल तर ती डॉक्टरांना सांगावी, आणि कल चुकल्यास किती दिवसांत, कोणत्या शहरात व किती खर्चात दुरुस्ती होईल हे पक्क्या बिलासोबत लेखी घ्यावे.

नव्या लूप्सची सवय रुग्णावर करू नये. पहिले एक-दोन आठवडे फँटम हेडवर, आधी केवळ मिररने तपासणी, मग स्केलर, मग हँडपीस, असा क्रम ठेवावा. उपकरण उचलताना आणि विशेषतः सुई हाताळताना नळ्यांच्या वरून उघड्या नजरेने पाहावे, कारण लूप्समधून हाताच्या अंतराचा अंदाज चुकतो. डोकेदुखी किंवा दुहेरी प्रतिमा दोन आठवड्यांनंतरही राहिली तर ती सवयीची बाब समजू नये. जुळवणी चुकलेली असण्याची शक्यता अधिक आहे.

लूप्स ऑटोक्लेव्हमध्ये घालू नयेत आणि नळाखालीही धरू नयेत. रुग्णानंतर उत्पादकाने मान्य केलेल्या जंतुनाशक वाइपने फ्रेम व दिवा पुसावा आणि भिंगे मायक्रोफायबरने स्वच्छ करावीत. मुंबई आणि कोकणाच्या पावसाळी हवेत भिंगांवर बुरशी धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावेत आणि ती पुडी ओलावली की बदलावी.