अंगणातला बंब: पाणीही गरम, खोलीही उबदार

मराठवाड्यात थंडी म्हटली की परभणी जिल्ह्याचं नाव आधी निघतं. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा कितीदा तरी १० अंशांच्या खाली उतरतो. जुन्या माळवदाच्या घरात हे फारसं जाणवत नव्हतं. जाड भिंती आणि वरची पांढरी माती ऊब धरून ठेवायची. आता स्लॅब आले, पत्रे आले, आणि पहाटे तीन-चारला म्हाताऱ्या माणसांचे पाय बर्फ पडतात. मग कुणी खोलीत शेगडी ठेवून दार लावतं. हे कधीच करू नका. निखाऱ्यांच्या विषारी वायूला ना वास ना रंग, झोपलेला माणूस उठत नाही.

माझं सेलूला वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ट्रॉली, पेरणीयंत्राची दुरुस्ती हे रोजचं काम. हिवाळा आला की बंब बनवून मागतात. खाली सांगतोय तो बंब आमच्या वाड्यात अंगणात उभा आहे. त्यावर घरच्या सगळ्यांच्या आंघोळी होतात आणि आईच्या खोलीत रात्रभर ऊब राहते. जाळ, धूर, राख सगळं बाहेर.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा: या बंबाच्या पोटातलं पाणी वापरायचं नाही. ते एकदा भरायचं आणि तिथंच ठेवायचं. त्याचं काम उष्णता साठवण्याचं आणि वाहून नेण्याचं. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, रोज नवं पाणी तापवलं की रोज नवा क्षार बसतो. शिवाय नव्या पाण्यासोबत नवी हवा येते आणि लोखंड गंजतं. तेच पाणी राहिलं तर क्षार एकदाच काय तो बसतो, पाण्यातली हवा तापून निघून जाते, आणि साधं लोखंड वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून स्टीलचा खर्च करायची गरज नाही. भरायला पावसाचं पाणी मिळालं तर उत्तमच.

आता माप. बाहेरचा नळकांड्यासारखा भाग ३० इंच व्यासाचा, ३६ इंच उंच, ३ एमएम पत्र्याचा. त्याच्या आत जाळाची भट्टी १८ इंच व्यासाची, २४ इंच उंच, ५ एमएम पत्र्याची. भट्टीला पातळ पत्रा लावून पैसे वाचवू नका, आच तिथंच लागते. दोन्हींच्या मध्ये चारी बाजूंनी सहा इंच आणि भट्टीच्या डोक्यावर एक फूट पाणी राहतं, साधारण ३०० लिटर. तळाला गोल कडं लावून दोन्ही पत्रे जोडायचे. भट्टी खालून उघडी, तिथं सळयांची जाळी. पुढे १० बाय १० इंचाचं दार. धूर जायला भट्टीच्या डोक्यावरून ३ इंची तीन नळ्या पाण्यातून सरळ वर काढायच्या. एकच मोठी नळी सोपी पडते, पण तिच्यातून उष्णता तशीच निघून जाते. तीन नळ्यांना पाणी जास्त जागी टेकतं, म्हणून उष्णता पाण्यात उतरते. वर तिन्हींवर टोपी आणि त्यातून ५ इंची धुराडं, छपराच्या कडेच्या वर जाईल इतकं. सगळं मिळून सव्वाशे किलोच्या आसपास लोखंड लागतं.

जुनं बॅरल कापून करायचं मनात असेल तर दोनदा विचार करा. त्याचा पत्रा पातळ असतो, आणि तेलाच्या किंवा डिझेलच्या रिकाम्या बॅरलला गॅसकटर लावला की आतल्या वाफेचा स्फोट होतो. फवारणीच्या औषधाचं बॅरल तर घरातच आणू नये.

वेल्डिंग झालं की लगेच पाणी भरू नका. जोडाच्या बाहेरच्या बाजूने चुन्याचा पातळ हात मारा, वाळू द्या. मग आतून त्याच जोडावर फडक्याने डिझेल लावा आणि चहा पिऊन या. जिथं बारीकसं भोक असेल तिथं पांढऱ्या चुन्यावर डाळीएवढा ओला डाग उमटलेला दिसतो. हळूहळू तो पसरतो. तिथं खडूने खूण करा, घासा, परत टाका मारा. आमच्या कामगार पोरांना पहिल्यांदा हेच शिकवतो. नंतर सोड्याच्या गरम पाण्याने आतून चांगलं धुऊन घ्या.

झाकण दोन अर्ध्या तुकड्यांत करा, धुराच्या नळ्यांभोवती बसेल असं, आणि नुसतं ठेवा. वेल्ड नाही, बोल्ट नाही. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटीहून जास्त जागा मागते. बंद भांड्यात तिला जागा मिळाली नाही तर घर उडतं. या बंबात दाब तयारच होता कामा नये.

आंघोळीच्या पाण्यासाठी अर्धा इंची तांब्याची नळी, ५० फूट, दोन फूट व्यासाचे वेढे देऊन वरच्या एक फूट पाण्यात सोडा. एक टोक छतावरच्या टाकीला, दुसरं न्हाणीतल्या तोटीला. तोटी सोडली की गार पाणी वेढ्यांतून फिरून गरम होऊन येतं. टाकीकडून येणाऱ्या लाइनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसवू नका. नळीतलं पाणी तापून फुगलं तर त्याला टाकीकडे मागे सरकता आलं पाहिजे. तांबं आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप) यांच्या मध्ये पितळी जोड घ्या. बंबाजवळचे चार-पाच फूट जीआयच, पुढे सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिक पाईप) चालेल. साधा पीव्हीसी या पाण्यात मऊ पडून वाकतो. लहान लेकरं असतील तर न्हाणीत गार-गरम मिसळायची तोटी लावाच, कारण पहिलं पाणी भाजण्याइतकं कढत येतं. वर्षातून एकदा नळीत लिंबूसत्त्वाचं पाणी रात्रभर भरून ठेवलं की क्षार सुटतो.

खोली गरम करायला पंप लागत नाही, वीज गेली तरी फिकीर नाही. गरम पाणी हलकं असतं, ते आपोआप वर चढतं आणि गार होऊन खाली येतं. फक्त पातळी जमवावी लागते. आमचं जोतं दोन फूट उंच, बंब अंगणात दोन विटांच्या थरांवर. त्यामुळे बंबाला जोडलेला खोलीतला पाईप बंबातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वीतभर खाली आणि बंबाच्या मध्यापेक्षा वर येतो. एवढं साधलं की झालं. घर जमिनीलगत असेल तर बंब हातभर खड्ड्यात बसवा, पण पावसाचं पाणी बाहेर निघायची वाट ठेवा. पाईप २ इंची जीआय, खोलीत भिंतीलगत २० फूट. सगळ्यात उंच जागी हवा काढायची छोटी तोटी हवी, नाहीतर हवा अडकून पाणी फिरत नाही. पाणी ६० अंशांवर असताना एवढ्या पाईपमधून ४००-४५० वॅट ऊब मिळते. दहा बाय बाराच्या खोलीला पुरते. आई म्हणते, “आता गोधडी एकच बस होती.”

बाहेरून दोन इंच ग्लासवूल आणि वर पत्रा. ते न करता बंब उघडा ठेवलात तर अर्धी मेहनत अंगणाला ऊब देण्यात जाईल.

जळण कापसाची पऱ्हाटी किंवा तुराट्या. एका एकराची पऱ्हाटी साधारण टनभर निघते. ३०० लिटर पाणी २० वरून ७० अंशांवर न्यायला दहा-अकरा किलो कोरडं जळण लागतं. म्हणजे एकरभराच्या पऱ्हाटीत हिवाळा निघतो, बाभळीला हात लावावा लागत नाही. मात्र पऱ्हाटीवरची किडकी बोंडं आधी तोडून जाळा. शेंदरी बोंडअळी त्यांतच दडून पुढच्या हंगामापर्यंत टिकते, आणि २०१७ ला तिनं कापसाचं केवढं नुकसान केलं ते कापूसवाल्यांना सांगायला नको. ढीग बंबापासून आणि कडब्याच्या गंजीपासून लांब रचा.

संध्याकाळी जाळ भडक करा. दार लावून, हवा कोंडून मंद पेटवत ठेवलं की नुसता धूर होतो, नळ्यांत डांबर साचतं आणि शेजारी बोलणी देतात. तास-दोन तास मोकळा जाळ, मग पाणी सांभाळतं. पहाटे आंघोळीआधी पुन्हा थोडं घाला. प्लास्टिक, टायर, रंगाचं लाकूड भट्टीत जाऊ देऊ नका. पेटवण्याआधी झाकण उचलून पातळी बघा. कधी पाणी आटून भट्टी कोरडी तापलीच, तर गार पाणी ओतू नका. जाळ ओढून बाहेर काढा आणि थंड होऊ द्या.

होळीनंतर बंबाचं काम थांबतं. पाणी काढू नका, रिकाम्या बंबालाच गंज धरतो. नळ्या ब्रशने घासा, राख पूर्ण काढा, कारण ओल धरलेली काजळी आणि राख लोखंड खातात. राख वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यात टाका, आणि मृगाच्या आधी धुराड्यावर डबा पालथा घाला.