जुन्या सायकलच्या हँडलवरचे क्रोम घरी कसे उतरवावे

सायकलचे जुने हँडल, मडगार्ड किंवा कॅरिअर गंजले की त्यावर सरळ रंग मारायचा मोह होतो. पण क्रोमवर रंग धरत नाही. थोड्याच दिवसांत पोपडे सुटतात आणि खालचा गंज तसाच वाढत राहतो. रंग टिकवायचा तर आधी क्रोम उतरवावे लागते.

शोभेच्या क्रोमचा थर फार पातळ असतो, साधारण अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहूनही कमी. त्याखाली निकेलचा 10 ते 30 मायक्रॉनचा थर असतो, कधी त्याच्याही खाली तांब्याचा, आणि मग लोखंड. आपल्याला दिसते ती चमक मुख्यतः निकेलची. क्रोम तिला निळसर झाक देते आणि काळे पडू देत नाही. म्हणजे क्रोम काढणे सोपे, निकेल काढणे कष्टाचे. रंगासाठी निकेल पूर्ण काढायची गरजच नसते. घट्ट बसलेले निकेल खरवडून खडबडीत केले की पुरे. हे माहीत नसल्यामुळे लोक वस्तू तासन्‌तास ॲसिडमध्ये ठेवतात आणि लोखंडच खाऊन टाकतात.

नव्याने क्रोमच करून घ्यायचे असेल तर यातले काहीही घरी करू नका. प्लेटिंगवाला जुने क्रोम स्वतःच उतरवून घेतो.

कोणती वस्तू चालेल, कोणती नाही

पुढची पद्धत फक्त साध्या लोखंडी वस्तूंसाठी आहे. लोहचुंबक घट्ट चिकटला तर आत लोखंड आहे असे समजा. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे ओतीव भाग (स्वस्त नळ, दरवाजाच्या मुठी) ॲसिडमध्ये विरघळू लागतात. त्यांना हात लावू नका. सीटच्या स्प्रिंगा, स्पोक, जास्त ताणाचे बोल्टही वगळा. ॲसिडमध्ये सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होते. असा भाग पुढे अचानक मोडू शकतो. मोटारसायकलच्या फोर्कच्या दांड्यांवरचे क्रोम वेगळेच, जाड आणि कठीण असते. ते काम कारखान्याचे.

हँडलवर खोल खड्डे पडले असतील, स्टेमजवळ (हँडल धरणाऱ्या दांड्याजवळ) गंजाने नळी पातळ झाली असेल, तर ते टाकून नवे घ्या. सगळा भार त्यावरच येतो.

तयारी

लागते ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले, त्यामुळे दुकानदार ओळखपत्र मागतो आणि नाव, पत्ता, कारण लिहून घेतो. 18 वर्षांखालच्या कोणालाही ते विकता येत नाही.

शिवाय प्लास्टिकचा मोठा टब, धुण्याचा सोडा, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, डोळे चारही बाजूंनी झाकणारा चष्मा, गमबूट आणि वाहत्या पाण्याचा नळ हवा. साध्या कापडी मास्कने ॲसिडची वाफ अडत नाही. ॲसिडच्या वाफेसाठी असलेला फिल्टरचा मास्क घ्या. जागा उघडी हवी: गच्ची किंवा अंगण. बंद बाल्कनी, बाथरूम नाही. आसपास हत्यारे, दुचाकी, लोखंडी ग्रिल नको, नुसत्या वाफेनेही ती गंजतात. मुले आणि जनावरे लांब. बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो, तेव्हा विडी-सिगारेट, ठिणगी काही नको. ब्लीचिंग पावडर किंवा बाथरूमचे दुसरे कुठलेही क्लीनर या ॲसिडात कधीही मिसळू नका. ब्लीचिंग पावडरबरोबर त्याचा विषारी क्लोरीन वायू होतो.

कृती

1. हँडलवरून ग्रिप, ब्रेक, घंटी सगळे उतरवा. साबणाच्या पाण्याने तेल-ग्रीस पूर्ण धुवा. तेलकट जागी ॲसिड पोहोचत नाही आणि डाग राहतात.

2. हँडलची दोन्ही टोके आणि इतर भोके रबरी बुचांनी घट्ट बंद करा. आतल्या उघड्या लोखंडाला ॲसिड लागले की नळी आतून खाल्ली जाते, आणि अडकलेले ॲसिड रंग दिल्यानंतर झिरपत राहते.

3. टबात आधी 2 भाग पाणी घ्या. त्यात 1 भाग ॲसिड हळूहळू ओता. क्रम उलटा करू नका. ॲसिडात पाणी ओतले तर ते उसळून अंगावर येते.

4. हँडल सावकाश बुडवा. थोड्याच वेळात बुडबुडे येतात आणि पाणी हिरवे होऊ लागते. बुडबुडे आलेच नाहीत तर उघड्या लोखंडाचा तुकडा, एखादा खिळा, क्रोमला टेकवा. क्रोमवरची संरक्षक साय मोडते आणि काम सुरू होते.

5. जवळ उभे राहून लक्ष ठेवा. निळसर चमक जाऊन किंचित पिवळसर, उबदार रंगाचे निकेल दिसले की क्रोम संपले. हे काही मिनिटांपासून अर्ध्या तासात होते. रात्रभर ठेवण्याचा सल्ला ऐकू नका.

6. बाहेर काढून दुसऱ्या टबातल्या पाण्यात धुवा, मग सोड्याच्या पाण्यात बुडवा, पुन्हा धुवा. हे सगळे पाणी साठवून ठेवा. शेवटी गरम पाणी ओतून लगेच कोरडे करा. दमट हवेत, विशेषतः कोकणात, उघडे लोखंड काही मिनिटांत तांबूस होते.

7. सैल झालेले निकेल पाण्याच्या पॉलिश पेपरने घासा, आधी 120, मग 220 नंबर. कोरडे घासू नका. निकेलची धूळ छातीत जाता कामा नये आणि हाताला खाजही सुटते. धुऊन वाळवून त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारा.

त्वचेवर किंवा डोळ्यांत ॲसिड उडाले तर किमान 15 ते 20 मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा. वर सोडा चोळू नका. डोळ्यांत गेले असेल तर धुतल्यावर लगेच डॉक्टरांकडे जा.

बॅटरी जोडून उलट्या प्लेटिंगने क्रोम काढण्याची युक्ती बरेच जण सांगतात. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात वीज सोडली की क्रोम झपाट्याने जाते खरे, पण पाणी पिवळे होते. तो पिवळा रंग हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा, आणि त्याने कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. कानपूरजवळच्या रनियां भागात अशा क्रोमियमच्या कचऱ्याने भूजल नासले आहे. ही पद्धत घरात अजिबात वापरू नका. आपल्या ॲसिडात तयार होते ते कमी घातक, ट्रायव्हॅलंट क्रोमियम. तरी त्यात निकेलही असते, म्हणून हे पाणी गटारात, नाल्यात किंवा झाडांना घालायचे नाही.

त्यासाठी टबात धुण्याचा सोडा चिमूट-चिमूट टाकत जा. फेस उसळतो, म्हणून टब अर्ध्याहून जास्त भरलेला नको. फेस थांबला की पीएच पेपरने (ॲसिड किती उरले ते रंगाने दाखवणाऱ्या कागदाने) तपासा, 9 च्या आसपास यायला हवे. एका दिवसात हिरवट गाळ खाली बसतो. वरच्या पाण्यातही थोडे निकेल राहते, म्हणून गाळ, पाणी आणि धुण्याचे पाणी असे सगळे प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरा. बाहेर ‘क्रोम-निकेलचे पाणी, विषारी’ असे ठळक लिहा. सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा प्लेटिंगचा कारखाना जवळ असेल तर तिथे आधी फोन करून विचारा आणि कॅन त्यांच्याकडे द्या. असा कोणी आधीच ठरवूनच ॲसिडची बाटली आणा.