म्हैस भरवण्याआधी तिची भीती घालवा

"भाऊ, तीन खेपा भरवली, तिन्ही खेपा उलटली." उलटली म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. मे महिन्यात आर्वीकडच्या गावांत गेलो की हे दर दोन कोठ्यांआड ऐकू येतं. नायट्रोजनचा कंटेनर गाडीला बांधून मी 17 वर्षं ढोरं भरवत, म्हणजे कृत्रिम रेतन करत फिरतो आहे. लोक कांडीला, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या नळीला, दोष देतात. मी आधी म्हशीकडे बघतो. डोळे वटारलेले, कान ताठ, पाय सारखे आपटते, शेण पातळ टाकते. अशी म्हैस दिसली की मी कंटेनरचं झाकण उघडत नाही.

कारण माज आधी मेंदूत चालू होतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. तो जीएनआरएच नावाचं संप्रेरक थोड्याथोड्या वेळाने सोडतो, त्याने पिट्युटरी ग्रंथीतून एलएच हे दुसरं संप्रेरक सुटतं, बीजांडकोशातला अंड्याचा फोड वाढतो आणि इस्ट्रोजेन तयार करतो. हेच इस्ट्रोजेन मेंदूत पोचलं की जनावर हंबरतं, दुसऱ्याने अंगावर उडी घेतली तरी हलत नाही. पण उन्हाचा तडाखा, मार, प्रवास, भीती यांनी मेंदूत सीआरएच हे तणावाचं संप्रेरक वाढतं, मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल सुटतं आणि जीएनआरएचचा ठेका बिघडतो. बीज सुटण्यासाठी लागणारी एलएचची मोठी लाट उशिरा येते, कधी येतच नाही. मेंढ्यांना नेमक्या त्या वेळी गाडीतून फिरवल्यावर ही लाट लांबल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून बाजारातून टेम्पोत आणलेली म्हैस दुसऱ्याच दिवशी भरवायचा हट्ट करू नका. निदान एक 21 दिवसांचा फेरा तिला नव्या खुंट्याला रुळू द्या, शेजारी एखादं शांत जनावर बांधा.

उन्हाळ्यात टिनाच्या कोठ्यावर तुराट्या आणि कुटार (भुसा) पसरा, कडेने ओली पोती लावा. म्हशीला घाम फार कमी येतो, दिवसातून दोनतीनदा अंगावर पाणी ओता, नाल्यात डुंबायला मिळालं तर उत्तमच. प्यायचं पाणी सावलीत ठेवा. तिचा माज पुष्कळदा मुका असतो आणि रात्रीच जास्त दिसतो. पहाटे पाचला आणि रात्री निजण्याआधी बॅटरी घेऊन जा: निरण (योनीचं तोंड) सुजलेली आहे का, काचेसारखी सोट (चिकट स्राव) लोंबते का, घडीघडी मुतते का. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी.

मागच्या वर्षी एका मावशीची पहिलारू वगार (तरुण म्हैस) होती. पोराने खोड्यात घालताना शेपूट पिरगाळून दोन तुराट्या हाणल्या. वगार थरथरत होती. मी पोराला म्हटलं, काठी टाक आणि बाहेर जा. मावशी तिच्या गळ्याखाली खाजवत उभी राहिली, समोर मूठभर ढेप (पेंड) ठेवली. कोणी बोललं नाही. अर्ध्या तासाने वगारीने कान सैल सोडले, रवंथ सुरू केलं. तेव्हा कुठे मी कांडी 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद धरली.

भरवल्यावर तिला पळवू नका, दूर चारायला नेऊ नका, त्या दिवशी सावलीतच बांधा.

सगळा दोष तणावाचा नाही, हेही सांगतो. सोट गढूळ किंवा पुवाची असेल, व्याल्यावर दोनअडीच महिने माजच दिसला नाही, किंवा तीन खेपा उलटली, तर पशुवैद्यकाला बोलवा. गर्भाशयाचा आजार खाजवून बरा होत नाही. खनिज मिश्रण रोज द्या, नुसत्या कुटारावर ढोर माजावर येत नाही.

मावशीने भरवल्याची तारीख कोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवली होती. तुम्हीही लिहा. 21 व्या दिवशी पहाटे पुन्हा बघा, माज नसला तरी तीन महिन्यांनी हात घालून तपासून घ्या. मावशीच्या वगारीला मी तपासलं तेव्हा ती गाभण होती.