२८० अक्षरांत तक्रार: उघड्या मॅनहोलची पोस्ट कशी लिहावी

महापालिकेला अर्ज लिहिताना 'मा. महोदय', मग विषय, मग संदर्भ, मग 'सविनय सादर करण्यात येते की' असा क्रम असायचा. खरी अडचण तिसऱ्या परिच्छेदात सापडायची. एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, तेवढं कोणी वाचत नाही. इथे ठिकाण पहिल्या ओळीत हवं. महापालिकेचं खातं सांभाळणाऱ्या माणसाला आधी ठरवायचं असतं ते एवढंच, की ही तक्रार कोणत्या वॉर्डाकडे पाठवायची.

समजा, मुंबईत दादरला मॅनहोल उघडं आहे. मजकूर असा होईल:

'दादर (प.), रानडे रोड, स्टेशनकडचं टोक. मॅनहोलचं झाकण नाही. १४ जुलै, रात्री ९ पासून. फूटपाथला लागून, दिवा बंद. कृपया तातडीने बॅरिकेड लावा.'

हा मजकूर एक्सच्या मोजणीत २८० पैकी १३६ भरतो. तारीख मुद्दाम घातली आहे. 'काल रात्रीपासून' लिहिलं आणि पोस्ट चार दिवसांनी कोणी पुढे पाठवली, तर तो 'काल' भलताच होतो. मागणीही एकच ठेवा आणि ती लगेच होण्यासारखी असू द्या. झाकण बसायला वेळ लागेल, बॅरिकेड तासाभरात लागू शकतं. 'प्रशासन झोपलंय का?' या वाक्याला टाळ्या मिळतात, पण त्या जागेत खांबाचा नंबर किंवा दुकानाचं नाव मावलं असतं.

मोजणीत मराठी लिहिणारे हमखास फसतात. मोफत खात्याची मर्यादा २८० ची असली तरी जोडाक्षर एक धरलं जात नाही. व्यंजन, हलन्त, काना, मात्रा, अनुस्वार सगळं सुटं मोजतात. 'रस्त्यावर' दिसायला चार अक्षरं, मोजणीत नऊ. 'रोडवर' पाचात बसतं. इमोजीला दोन जातात आणि लिंक कितीही लांब असली तरी २३. (आधीची १४० ची मर्यादा आली ती एसएमएसमुळे: त्याच्या १६० पैकी २० वापरणाऱ्याच्या नावासाठी राखून. २८० झाली २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये.) हाच मजकूर एसएमएसने पाठवलात तर देवनागरीत एका संदेशात ७० च बसतात, म्हणजे त्याचे तुकडे होणार.

मजकूर फारच लांबला तर थ्रेड, म्हणजे एकाखाली एक जोडलेल्या पोस्ट, करा, पण प्रत्येक पोस्टमध्ये ठिकाण पुन्हा लिहा. लोक एकाच पोस्टचा स्क्रीनशॉट काढून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात, बाकीचा थ्रेड मागेच राहतो.

फोटो दोन पुरेत. एक जवळून, दुसरा लांबून, ज्यात दुकानाची पाटी किंवा खांब दिसेल. फोटोत साठवलेलं लोकेशन एक्स काढून टाकतं, त्यामुळे 'फोटोत आहेच की' या भरवशावर पत्ता गाळू नका. गाड्यांचे नंबर आणि चेहरे पुसट करा. हॅशटॅगमध्ये जोडरेघ नको: '#रानडे-रोड' लिहिलं तर टॅग 'रानडे'वरच तुटतो.

टॅग कोणाला करायचं? महापालिकेच्या मुख्य खात्यासोबत वॉर्डाच्या खात्याला. दादर (प.) जी/उत्तर वॉर्डात येतं. आमदार, खासदार, चार वाहिन्या असे दहा टॅग लावले की ते नक्की कोणाचं काम आहे, हेच कळत नाही. मुंबईत रस्ता कोणाच्या ताब्यात आहे हेही आधी बघावं. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्ग २०२२ मध्ये एमएमआरडीएकडून (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) महापालिकेकडे आले, तरी तक्रारी जुन्याच पत्त्यावर जात राहतात. पोस्टसोबत महापालिकेच्या १९१६ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या आणि तो स्वतःच्या पोस्टखाली उत्तरात लिहा. नुसत्या पोस्टची नोंद होईलच असं नाही. कोणी आत पडलं असेल तर पोस्ट नको, थेट ११२.

खरा धोका उत्तरांत असतो. तक्रार टाकताच 'ग्राहक सेवा' नावाची खाती मोबाइल नंबर मागतात, लिंक देतात. नाव आणि लोगो हुबेहूब, पण खात्याचं हँडल, म्हणजे @ पुढचं नाव, उघडून पाहिलं तर एखादं अक्षर जास्त आणि खातं नुकतंच काढलेलं. नंबर द्यायचाच तर खऱ्या खात्याला, डीएममध्ये, म्हणजे खासगी संदेशात. ओटीपी किंवा यूपीआय पिन कोणालाच नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा. रेल्वेच्या तक्रारीतही दहा आकडी पीएनआर उघड टाकू नये. गाडीचा पाच आकडी क्रमांक, डबा आणि पुढचं स्टेशन एवढं पोस्टमध्ये पुरतं. तिथला फोन १३९.

मोफत खात्यात टाकलेली पोस्ट दुरुस्त करता येत नाही. पत्ताच चुकला असेल तर डिलीट करून नवी टाका. शुद्धलेखनाची चूक असेल तर राहू द्या, कारण डिलीट केल्यावर आलेली उत्तरं तुमच्या पोस्टपासून तुटतात.

झाकण बसलं की त्याच पोस्टखाली तारखेसह तसं लिहा आणि नवा फोटो जोडा. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तोच जुना फोटो 'आत्ताचा' म्हणून ग्रुपांत फिरतो आणि वॉर्डात फोन सुरू होतात.